आडव्या सायकलीचा झेंडा

“आधी झेंडा लाव, मगच निघायचं,” रंगराव म्हणाला.

आम्ही कोल्हापुरात पंचगंगेच्या शिवाजी पुलावर होतो. रंगराव त्याच्या सायकलीपाशी उभा होता आणि मी माझ्या सायकलीवर आडवा झालो होतो. डिसेंबरची सकाळ, नदीवर धुकं आणि पुलावर दूधवाल्यांशिवाय कुणी नाही.

“एवढ्या सकाळी झेंडा कशाला? कोण येतंय अंगावर?”

“कोण येतंय ते तुला कळणार न्हाई, आन् त्याला तू दिसणार न्हाईस. माझ्या कमरेएवढासुदिक न्हाईस तू. लाव गपगुमान.”

त्यानं पिशवीतून गळाच्या काठीचे दोन तुकडे काढले, एकात एक बसवले आणि माझ्या सीटमागं तारेनं आवळून टाकले. काठीच्या टोकाला केशरी कापड होतं. कापड ओळखीचं वाटलं म्हणून मी मान वळवून बघायला गेलो, पण या सायकलीवर मान मागं वळत नाही.

“फेटा फाडलास काय रे? सुमनच्या लग्नातला?”

“हातभर फाडला. बाकीचा हाय की ट्रंकेत. दुसरी पोरगी कुठं हाय मला, परत बांधायला?”

रंगराव चौगुले एका हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर होता. मी भूपाल मगदूम, शिरोलीच्या एका फौंड्रीत लाकडाचे पॅटर्न करणारा. बिडाची वस्तू ओतायच्या आधी ती लाकडात करावी लागते, ते माझं काम. लग्न माझं झालं नाही. आधी बहिणींचं, मग आईचं दुखणं, मग कुणी विचारायचं थांबलं. मी कुणाला दोष देत नाही, पण रविवार फार लांबलचक असायचे. त्या रविवारांना रंगराव होता. आम्ही दोघं सायकल काढायचो आणि वर्षातून एकदा, डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, आंबा घाट उतरून साखरप्याला मुक्काम आणि रविवारी घाट चढून परत. एकवीस वर्षं आम्ही हे केलं. हँडलला हँडल लावून जायचं आणि बोलत राहायचं. काय बोलायचो ते विचाराल तर एक गोष्ट धड आठवत नाही.

मग माझी पाठ गेली. मणक्यातल्या दोन चकत्या सरकल्या. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल विसरा. अकरा महिने मी विसरून बघितली. शेवटी एका विदेशी मासिकात झोपून चालवायच्या सायकलीचं चित्र दिसलं आणि मी फौंड्रीतल्या वेल्डरला हाताशी धरला. दोन जुन्या सायकली कापल्या, तीन चेनी जोडून एक केली, खाटेची नवार विणून सीट केली. पॅडल पुढं, पाय समोर, पाठ टेकलेली. फौंड्रीत तिला कुणी बाजलं म्हणायचं, कुणी तिरडी. म्हणू देत. पहिल्यांदा सात किलोमीटर चालवून खाली उतरलो, पाठीत कळ नव्हती, आणि मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. हे मी रंगरावलाही सांगितलं नव्हतं.

त्या सायकलीचे फायदे विचाराल तर पुष्कळ आहेत. पाठ दुखत नाही, मनगटं दुखत नाहीत, बूड बधिर होत नाही. वारा अंगावरून निघून जातो, त्यामुळं सपाटीवर आणि उतारावर ती अशी पळते की साध्या सायकलीनं नाद सोडावा. मान खाली घालायची गरज नाही, समोर सगळं आभाळ. तोटे मात्र त्या दिवशी एकेक करून कळत गेले.

पहिला तोटा वडणग्याच्या पुढंच कळला. रंगराव वरून बोलत होता आणि मला फक्त त्याचं पॅडल आणि चप्पल दिसत होती. त्यात त्याचं मागचं मडगार्ड खिळखिळं. तारेनं बांधलेलं ते कायम खडखडायचं आणि त्या खडखडीत त्याचे शब्द हरवायचे.

“काय म्हणालास?”

“काय न्हाई. ऊस बरा आलाय म्हटलं औंदा.”

मला ऊस दिसत नव्हता. उसाची फक्त बुडखं दिसत होती.

बांबवड्यापर्यंत मी कसाबसा त्याच्या चालीनं गेलो. पुढं रस्ता सरळ मिळाला आणि पाय आपोआप फिरायला लागले. अकरा महिने घरात पडून काढलेल्या माणसाला वेग मिळाला की तो थांबत नाही. मी मलकापुरात त्याच्यासाठी थांबायचं ठरवलं होतं, पण मलकापूर आलं तसं गेलं. आंब्यात चहाची टपरी होती, तिथं आम्ही दरवर्षी थांबायचो. तिथंही मी नुसता हात केला. मग घाटाचा उतार लागला. झेंडा मागं फडफडत होता, काठीला वारा लागून शिट्टी वाजत होती. इतका आनंद मला पुढं कधी झाला नाही.

साखरप्याच्या खानावळीत मी सव्वा तास रंगरावची वाट बघितली. तो आला तेव्हा त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यानं सायकल भिंतीला लावली, तांब्याभर पाणी प्याला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “कधी आलास?”

“झाला की तास.”

“बरं.”

मग जेवायला बसलो. भातावर आमटी घेता घेता एकदम म्हणाला, “भूपाल, एक बोलू का? राग मानू नगंस.”

“बोल की.”

“आपण आज एकत्र आलो न्हाई. एका रस्त्यानं आलो, एवढंच.”

“मग? तू जरा जोरानं यायचंस.”

“मी बावन्न वर्षांचा हाय रं. आन् उद्या घाट चढायचाय. उद्या तुझं बाजलं मागं पडणार. साध्या सायकलीवर माणूस पॅडलवर उभा ऱ्हातो, सगळा भार टाकतो. तू कशावर उभा ऱ्हाणार? मी काय म्हणतो, घाटापुरती सायकल टेंपोत टाकू.”

“नाही.”

“न्हाईतर पुढल्या वर्षापासनं एस्टीनं येऊ. दोघं शेजारी बसून, गप्पा मारत. पाठीला बी बरं.”

तो माझ्या भल्यासाठीच बोलत होता. आज मला ते स्पष्ट दिसतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, की हा सुटायला बघतोय. आज एस्टी म्हणतोय, उद्या शाळेत काम आहे म्हणेल, परवा विचारणारही नाही. आई जाताना नातेवाईक असेच एकेक पायरी उतरत घराबाहेर पडलेले मी पाहिले होते.

“माझ्यासाठी थांबू नकोस उद्या,” मी म्हणालो. “तू तुझ्या चालीनं जा. मी माझ्या चालीनं येतो.”

“आता आलाच का राग?”

“राग कसला?”

सकाळी सातला निघालो. घाट सुरू झाला आणि रंगरावचं म्हणणं खरं ठरलं. चढावर आडव्या सायकलीत जीव राहत नाही. पाय हवेत, ढुंगण नवारीत, आणि जोर लावावा तर आपणच सीटमध्ये रुततो. चाल इतकी मंद होते की तोल जातो. रंगराव पॅडलवर उभा राहून डुलत डुलत पुढं गेला. मी दोन वळणं चढलो, मग उतरून ढकलत निघालो. ट्रक जवळून गेला की त्याचा धूर थेट तोंडात.

वर बघितलं, तर पुढच्या वळणावर कठड्यापाशी रंगराव उभा. एक पाय जमिनीवर, हात कपाळावर आडवा धरून खाली बघत होता. मी दिसलो, म्हणजे माझा झेंडा दिसला, तसा त्यानं हात हलवला आणि पुढं निघाला. पुढच्या वळणावर पुन्हा उभा. पुन्हा हात. मी हात केला नाही. ‘थांबू नकोस’ म्हणून बजावलं होतं त्याला! आदल्या दिवशी मी एकदाही थांबलो नव्हतो, आणि हा प्रत्येक वळणाला थांबत होता. मला ते उपकार वाटले. एखादं लंगडं जनावर मागं येतंय का ते बघत राहावं, तसं वाटलं.

चौथ्या वळणाच्या अलीकडं मी सायकल थांबवली, तार सोडली, काठीचे दोन तुकडे वेगळे केले आणि झेंडा गुंडाळून पिशवीत टाकला. आता बघ म्हटलं.

थोडं पुढं एक मोरी होती. मोरीच्या कठड्यापलीकडं दगडी कट्टा आणि त्यावर जांभळाची सावली. पाठीला नाही, पण पोटऱ्यांना पेटके आले होते. मी सायकल कठड्यामागं ओढली आणि कट्ट्यावर आडवा झालो. तिथं मला झोप लागली, असं मी त्या दिवशी सांगितलं आणि पुढं इतकी वर्षं सांगत आलो.

उठून पुन्हा चढायला लागलो. ढकलत, चालवत, ढकलत आंब्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. टपरीवाल्या अक्काताई आम्हाला दरवर्षी बघून ओळखायच्या.

“एकलंच? मास्तर कुठं हाईत?” त्यांनी विचारलं.

“येतील मागनं.”

“मागनं? दरसाली त्येच फुडं असत्यात. आज तुमी बाजी मारलीसा म्हणायची.”

मी हसलो. चहा घेतला, कांदाभजी घेतली. एक वाजला, दोन वाजले. अक्काताईंनी दोनदा रस्त्याकडं बघितलं.

“पावणं, खाली जाऊन बघा की जरा.”

“खाली गेलो तर परत चढायचं माझ्याच्यानं होणार नाही. येतील. पंक्चर झालं असेल.”

तीनच्या सुमारास कोकणातून एस्टी वर आली. कंडक्टर चहाला उतरला आणि अक्काताईंना म्हणाला, “घाटात गर्दी झालीय बघा. कोण एक मास्तर हाय. जोडीदार दरीत पडला म्हणून सकाळधरनं हाका मारत फिरतोय. आता आपणच उतरलाय खाली दरीत. लोक न्हाई म्हणत्यात, ऐकतोय व्हय?”

मी कप खाली ठेवला. अक्काताई माझ्याकडं बघायला लागल्या. मी सायकल तिथंच टाकून खाली जाणाऱ्या एका जीपला लोंबकळलो.

पाच-सहा माणसं रस्त्याच्या कडेला दोर धरून उभी होती. रंगरावची सायकल कठड्याला टेकवलेली होती. मी जाऊन वाकून बघितलं, तर खाली करवंदीच्या जाळीतून तो दोराला धरून वर येत होता. चष्मा नव्हता. शर्टाची एक बाही लोंबत होती आणि हातातोंडावर ओरखड्यांचं जाळं. डाव्या मुठीत काहीतरी केशरी होतं.

“तुम्हीच का ते? पडलेले?” साखरप्याकडचे एक गृहस्थ मला म्हणाले. “अहो, कमाल आहे. तिसऱ्यांदा उतरलाय हा माणूस. खाली काहीतरी केशरी दिसतंय, तो त्याचा झेंडाच आहे म्हणाला. आम्ही सांगून थकलो.”

रंगराव कठड्यावर चढला, त्यानं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं आणि मूठ उघडली. फरसाणाची रिकामी पिशवी होती. तो काहीतरी बोलायला गेला, पण तोंडातून नुसती हवा आली. आवाज पार बसला होता. मग त्यानं मला मिठी मारली.

“झेंडा?” त्यानं कानात विचारलं.

“पिशवीत आहे. शिट्टी वाजत होती म्हणून काढला.”

“हाका मारल्या रं मी.”

“मला झोप लागली होती, रंगराव. मोरीच्या कट्ट्यावर. काही कळलंच नाही.”

माझ्या तोंडावर काही उमटलं असेल तर ते त्याला दिसलं नाही. चष्मा दरीत गेला होता. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“असू दे,” तो म्हणाला. “हाईस न्हवं, बास.”

दोघांच्या सायकली टेंपोत टाकून आम्ही कोल्हापूरला आलो. जो टेंपो मला आदल्या दिवशी नको होता, त्याच टेंपोत.

आठवड्यानं मी त्याच्या घरी गेलो. डॉक्टरांनी त्याला पंधरा दिवस बोलायला बंदी केली होती. पुतण्याची पाटी-पेन्सिल घेऊन तो कॉटवर बसला होता. वहिनी म्हणाल्या, “बघा की भावजी, शाळेतल्या पोरांची चंगळ झालीया. मास्तर मुका.” त्या चहा ठेवायला आत गेल्या. रंगरावनं पाटीवर आधी माझी सायकल काढली. मास्तरच तो, चार रेघांत हुबेहूब काढली, झेंड्यासकट. मी हसलो. मग त्यानं ती पुसली आणि बराच वेळ खाली मान घालून काहीतरी लिहिलं. पाटी माझ्याकडं फिरवली.

‘माझं चुकलं. तुला मागं टाकून मी पुढं जायला नको होतं.’

पेन्सिलही त्यानं पुढं केली. मी काहीतरी लिहावं म्हणून असेल. मी पेन्सिल हातात घेतली. वहिनी आत कपबशा मांडत होत्या, त्या बाहेर यायच्या आत एक ओळ लिहिणं मला सहज जमलं असतं. मी पाटी घेतली, तळहातानं पुसली आणि लिहिलं, ‘जाऊ दे.’ म्हणजे माफ मी केलं, त्यानं नाही.

त्यानंतर मी त्याच्याबरोबर सायकलवर गेलो नाही. पुढच्या डिसेंबरात तो पहाटे दारात येऊन उभा राहिला. सायकल घेऊन, नवा चष्मा, मडगार्ड तसंच खडखडतं.

“चल रं. मी तुझ्या मागं ऱ्हातो या बारीला. एक फूट पुढं गेलो तर नाव बदल.”

“पाठ धरलीय,” मी म्हणालो.

पुढच्या वर्षीही पाठ धरली. त्याच्या पुढच्या वर्षीही. माझी पाठ त्या नवारीच्या सीटवर कधीच दुखत नव्हती, आणि हे त्याला माहीत होतं. चौथ्या वर्षी तो आला नाही. निवृत्त झाल्यावर वहिनींना घेऊन तो सुमनकडं बेळगावला राहायला गेला. दिवाळीला त्याचं हातानं रंगवलेलं कार्ड यायचं आणि त्यात एखाद्या कोपऱ्यात बारीकशी आडवी सायकल असायची. मी दरवेळी उत्तर लिहायला बसायचो. ‘जाऊ दे’ पुसून दुसरं काहीतरी लिहायचं, असं मनात असायचं. गेल्या वर्षी कार्ड आलं नाही. सुमनचा फोन आला.

आता मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. ती सायकल अजून चालवतो. तरुण पोरं थांबवून विचारतात, काका, ही कशी काय असते, फायदा काय, तोटा काय. मी सांगतो, पाठीला उत्तम, सपाटीला उत्तम, चढाला वाईट, आणि खाली असल्यामुळं कुणाला दिसत नाही, म्हणून झेंडा लावायचाच. झेंडा तोच आहे. केशरी आता राहिला नाही, विटून बदामी झालाय. सपाटीवर मी झपाट्यानं पुढं जातो, चढावर मागं पडतो, आणि दोन्हीकडं एकटाच असतो.

मागच्या महिन्यात त्या मोरीपर्यंत गेलो होतो. कट्टा आहे, जांभूळ आता नाही. तिथं बसलो आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. ऐकायला कुणी नव्हतं, पण जे त्या पाटीवर लिहायचं होतं ते बोललो.

मला झोप लागली नव्हती. ते मडगार्ड मी कुठंही ओळखलं असतं. वरून खडखड आली, जवळ आली, आणि रंगराव ओरडला, “भूपाऽल!” माझ्यापासून तो दहा पावलांवर होता. मी हललो नाही. आधी वाटलं, होऊ दे जरा फजिती. मोरी ओलांडून त्यानं दुसरी हाक मारली. मग खालच्या वळणावरून तिसरी, तोवर त्याचा आवाज फाटायला लागला होता. तेव्हा माझा राग संपला होता. खरंच संपला होता. मला उठता आलं असतं, ओ देता आली असती. पण आई गेल्यापासून इतक्या जिवानं माझं नाव कुणी घेतलं नव्हतं.

म्हणून मी ओ दिली नाही. मी चौथ्या हाकेची वाट बघत पडून राहिलो.